अंक कोणाचा आहे, ते आधी पाहा

या दिवाळीत कुठलाही अंक हातात आला की मुखपृष्ठ नंतर बघा. आधी पानं उलटून ती एक ओळ शोधा, जी बहुतेक शेवटच्या पानाच्या तळाशी असते आणि इतक्या बारीक अक्षरांत असते की चष्म्याशिवाय वाचता येत नाही. हे नियतकालिक मालक अमुक यांच्यासाठी मुद्रक-प्रकाशक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक. १८६७ च्या कायद्यापासून चालत आलेली ही ओळ आहे. घरात किंवा वाचनालयात मार्च महिन्याचे जुने अंक असतील तर त्यात 'फॉर्म ४' नावाची चौकटही सापडेल. मालक कोण आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा कोणाकोणाचा, हे तिथे छापलेलं असतं.

केज तालुक्यातल्या एका 'ड' वर्गाच्या वाचनालयात मी एकवीस वर्षं काम केलं. रोज अंकांवर शिक्के मारले, नोंदी केल्या, फाटलेली पानं चिकटवली. एवढ्या वर्षांत त्या बारीक ओळीकडे ना मी लक्ष दिलं, ना कुठल्या वाचकाने. माझं लक्ष गेलं ते एका ऊसतोड करणाऱ्या बाईच्या प्रश्नामुळे.

कारखान्यांचा पट्टा पडून टोळ्या गावात परत आल्या होत्या. ती मुलीसाठी दहावीचं पुस्तक मागायला आली होती. मी पुस्तक शोधत होते तोवर तिने टेबलावरचा दिवाळी अंक उचलला. मुखपृष्ठावर नऊवारी, नथ, हातात पणत्यांचं तबक. तिने बराच वेळ ते चित्र बघितलं आणि विचारलं, "बाई, ही कोण्या गावची हो?" मी म्हटलं, कुठल्या गावची नाही, फोटोसाठी उभी केलेली मुलगी आहे. ती म्हणाली, "मंग दिवाळीला घरी आसंल ती. आमी तर फडात आसतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मराठी मासिकांचा सगळ्यात मोठा सण म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून महाराष्ट्राला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण आपल्या बीड जिल्ह्यातून काही लाख माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. म्हणजे अंक बाजारात येतात आणि आपल्या बायका गावातून जातात, त्याच दिवसांत. ज्या बाईच्या नावाने अंक निघतो ती आणि आपल्याकडची बाई यांची गाठ पडण्याची वेळच कोणी ठेवलेली नाही. कोणी दुष्टपणाने असं केलं नाही. अंक छापायला लागणारा पैसा ज्यांच्याकडून येतो, त्यांच्या हिशेबात फडातली बाई गिऱ्हाईक म्हणून मोजलीच जात नाही.

आणि मोजली गेली नाही म्हणजे दिसत नाही. मला तुम्हाला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

मासिकाचं अर्थकारण फार अवघड नाही. वाचक देतो त्या किमतीत कागद आणि छपाईचा खर्चही अनेकदा निघत नाही. उरलेला पैसा जाहिरातीतून येतो किंवा मालकाच्या दुसऱ्या धंद्यातून. जाहिरातदाराला असा मजकूर शेजारी हवा असतो, जो वाचून बाईला काहीतरी विकत घ्यावंसं वाटेल. गोरं होण्याचं मलम विकायचं असेल तर आधी काळ्या रंगाची लाज तयार व्हावी लागते. अमेरिकेत ग्लोरिया स्टायनेम आणि त्यांच्या सहकारी बायकांनी १९७२ मध्ये 'मिझ' नावाचं मासिक काढलं. पुढे १९९० मध्ये त्यांनी ते जाहिराती न घेता काढायचं ठरवलं, आणि तोवर काय काय सोसलं ते स्टायनेमबाईंनी सविस्तर लिहून ठेवलं. त्यातला एक प्रसंग मी विसरत नाही. सोव्हिएत रशियातून हद्दपार केलेल्या स्त्रीवादी बायकांवर त्यांनी मुखपृष्ठकथा केली. सगळीकडे कौतुक झालं. पण एका बड्या सौंदर्यप्रसाधन कंपनीने जाहिरात द्यायला नकार दिला, कारण मुखपृष्ठावरच्या त्या बायकांनी मेकअप केलेला नव्हता. देशातून हाकललेल्या बायकांनी लिपस्टिक लावून फोटो काढायला हवा होता, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे बघा. १९५९ पासून निघणारी 'फेमिना' टाइम्स समूहाची, आणि १९६४ पासून होणारी 'फेमिना मिस इंडिया' स्पर्धाही त्याच घराची. मासिकाचा मालक आणि सौंदर्यस्पर्धेचा मालक एकच असेल, तर त्या मासिकातून सौंदर्यस्पर्धेला कडक प्रश्न विचारले जातील ही अपेक्षा कोणी करायची? बसस्टँडवर मिळणारी 'गृहशोभिका' दिल्ली प्रेस या घराची आहे. त्यांचं हिंदी 'गृहशोभा' अनेक भाषांत निघतं, त्यातली ही मराठी. एकच मालक अनेक भाषांत मासिक काढतो तेव्हा सगळीकडे चालेल असाच मजकूर सोयीचा पडतो. मग त्यात केजच्या भाकरीला आणि धारूरच्या घाटाला जागा कुठून मिळणार? रोजची वर्तमानपत्रं घ्या. 'लोकमत' दर्डा कुटुंबाचा, 'सकाळ' पवार कुटुंबाचा, 'पुढारी' जाधव कुटुंबाचा, 'दिव्य मराठी' भास्कर समूहाचा, 'लोकसत्ता' एक्सप्रेस समूहाचा. 'चतुरंग', 'सखी', 'मधुरिमा' या त्यांच्या पुरवण्यांमधून उत्तम लेख आले आहेत. मी कित्येक कात्रणं जपून ठेवली आहेत. ही नावं कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. घर भाड्याचं असलं तर भिंतीला खिळा ठोकायच्या आधी घरमालकाला विचारावं लागतं, एवढं लक्षात राहावं म्हणून लिहिते आहे.

आता मालक म्हटला की तो वाईटच, असंही मनात धरू नका. मराठी बाईच्या वाचनाचा इतिहास त्या बाबतीत फार शिकवणारा आहे. किर्लोस्करवाडीला नांगर बनवणाऱ्या कारखान्याने १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक सुरू केलं. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं आणि १९३० मध्ये खास बायकांसाठी 'स्त्री' काढलं. हुंडा, घटस्फोट, विधवेचं लग्न, बाईची नोकरी या गोष्टी घरात मोठ्याने बोलण्याची सोय नव्हती, तेव्हा 'स्त्री'च्या पानांवर त्यांची चर्चा होत होती. एका उद्योगपती कुटुंबाने हे केलं आणि त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. विद्या बाळ १९६४ मध्ये त्या मासिकात आल्या आणि १९८३ मध्ये संपादक झाल्या. १९८६ मध्ये त्या तिथून बाहेर पडल्या. संपादकाला खुर्ची सोडून जाता येतं, मासिक मात्र बरोबर नेता येत नाही. नाव, वर्गणीदारांची यादी, पन्नास वर्षांचे अंक, सगळं मालकाकडे राहतं. विद्याताईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि ऑगस्ट १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढलं. पाठीशी कारखाना नव्हता, वर्गणीदार होते. २०२० च्या जानेवारीत विद्याताई गेल्या. त्याआधीच त्यांनी काम पुढच्यांच्या हाती दिलं होतं, त्यामुळे मासिक थांबलं नाही.

याच्या उलटं उदाहरण माझ्या मनाला जास्त लागतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या एका तरुण विधवेला शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवर चिखलफेक सुरू झाली, त्या चिखलफेकीला दिलेलं हे उत्तर होतं. वर्तमानपत्र पुरुषांच्या हाती होतं, म्हणून बाईला उत्तरासाठी वेगळं पुस्तक छापावं लागलं. जोतीराव फुले यांनी आपल्या 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी काही लिहिल्याचं सापडत नाही, आणि ते पुस्तक लोकांच्या नजरेआड गेलं ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं! दर महिन्याला पुढचं पान द्यायला त्यांच्या हाती एखादं मासिक असतं, तर त्या दुसरं पुस्तक लिहित्या का? मला वाटतं, लिहित्या.

आपल्या हाती आपलं पत्र हवं, हे बाबासाहेब आंबेडकरांना पक्कं ठाऊक होतं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं, त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मुंबई इलाख्यातली बरीच वर्तमानपत्रं विशिष्ट जातींच्या हिताची असून इतरांची त्यांना पर्वा नसते, असं बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात लिहिलं. तक्रार तेवढ्यावर सोडली नाही, स्वतःचं पत्र उभं केलं. पुढे १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर खटला झाला, तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून. कोर्टात कर्व्यांची बाजू मांडली ती बाबासाहेबांनीच. कर्वे ते मासिक १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवत राहिले. संततिनियमनावर आणि बाईच्या शरीरसुखाच्या हक्कावर त्यांनी ज्या स्पष्टपणाने लिहिलं, ते कुठल्या पगारी संपादकाला जमलं असतं असं वाटत नाही.

हे सगळं लांबचं झालं. आता आपल्या अंगणात या.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. राज्यात सगळ्यात कमी. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. म्हणजे ती दहा वर्षं पोटातल्या मुली पाडणं चालू होतं, आणि दवाखाने, पाट्या, ये-जा सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं. त्याच दहा वर्षांत आपल्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छांची किती पानं छापली गेली, ते आठवून बघा.

मग गर्भपिशवीचं प्रकरण. फडात पाळी आली, पोट दुखलं, एक दिवस काम बुडलं तरी खाडा पडतो आणि उचलीतून पैसे वळते होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, तिने बसून घेतलं की त्याचंही काम थांबतं. मग कोणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. आपल्या गावागावांत हे सगळ्यांना माहीत होतं. एस.टी.त, हळदीकुंकवाला बायका त्यावर बोलत होत्या. देशभर ते गेलं एप्रिल २०१९ मध्ये, आणि तेही 'हिंदू बिझनेसलाइन' या इंग्रजी अर्थविषयक दैनिकातून. त्यानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, विधिमंडळात प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहा जणींमागे एक. खासगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी हवी, असा नियम आला. २०२४ च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या 'फुलर प्रोजेक्ट' या ना-नफा संस्थेने मिळून पुन्हा हीच गोष्ट मांडली, आणि आपल्या उसाच्या साखरेचा माग शीतपेयांच्या जगप्रसिद्ध कंपन्यांपर्यंत काढला.

मला त्या पत्रकारांबद्दल कृतज्ञताच आहे. पण एक प्रश्न छातीवर दगडासारखा बसला आहे. जी गोष्ट आमच्या ओट्यावर रोज बोलली जात होती, ती सांगायला इतक्या लांबचा कागद का लागला? याचं निदान अर्धं उत्तर त्या शेवटच्या पानावरच्या ओळीत आहे. दूरच्या मालकाला आपल्या दवाखान्याची जाहिरात नको असते, कारखान्याचा दिवाळीचा शुभसंदेश नको असतो, मल्टिस्टेट पतसंस्थेचं पानभर अभिनंदन नको असतं. जवळच्या मालकाचं घर त्यावरच चालतं. प्रकरण गाजायच्या कितीतरी आधी मी स्वतः एका छोट्या साप्ताहिकाला 'पिशवीच्या ऑपरेशनांची चौकशी व्हावी' असं पत्र पाठवलं होतं. ते छापून आलं नाही. पुढच्या अंकात त्या पानावर प्रसूतिगृहाच्या उद्घाटनाची जाहिरात होती. संपादक भला माणूस होता, भेटला तेव्हा त्याने मान खाली घातली. त्याला दोन पोरांच्या फिया भरायच्या होत्या.

दूरच्या कागदाचाही एक त्रास आहे, तोही सांगते. तिथे आपली बाई दिसते ती फक्त कापलेली, वाकलेली, रडणारी. फोटोखाली कधी नाव असतं, कधी नुसतंच 'ऊसतोड मजूर महिला'. गावाच्या नावापुढे असा काही शब्द चिकटतो की पोरींची लग्नं जुळवताना पाव्हण्यांना तोच आठवतो. तीच बाई मोळी बांधताना कसलं गाणं म्हणते, कोपीपुढे सारवण कसं घालते, मुकादमाशी हिशेबाला कशी भांडते, हे त्या मोठ्या अंकात मावत नाही. एक मालक तिला नथ घालतो, दुसरा तिला जखम दाखवायला लावतो. ती स्वतः काय म्हणते, ते तिच्या हातातल्या कागदावरच येईल.

आणि तिला म्हणता येत नाही असं कोणी मला सांगू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. त्यांत आपल्या माजलगावच्या बायकांनी १९९६ मध्ये गायलेल्या ओव्याही आहेत, बाबासाहेबांवरच्या. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या कोणालाही ऐकता येतात. त्या बायकांना कोणी विषय दिला नव्हता, शब्दमर्यादा घातली नव्हती, कोणाच्या मर्जीची ओवी गायला सांगितली नव्हती. जात्याला मालक नव्हता. सासरचा जाच, भावाची वाट, भीमरायाचा अभिमान, सगळं एकाच दळणात आलं. पिठाची गिरणी आली आणि ते पान बंद पडलं. त्याच्या जागी दुसरं पान आपण अजून उघडलेलं नाही.

उघडता येतं. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला २००२ मध्ये 'खबर लहरिया' सुरू झालं. बुंदेली बोलीत, आणि चालवणाऱ्या सगळ्या बायका. त्यांतल्या बहुतेक दलित, आदिवासी, मुस्लिम, मागास घरांतल्या, कित्येकींनी शाळेचं तोंड धड पाहिलेलं नव्हतं. त्या सायकलवर, पायी फिरून बातम्या आणत. आता त्या मोबाइलवर चित्रण करतात. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. चित्रकूट आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. तेलंगणात, आपल्यापासून फार लांब नाही, मेडककडच्या दलित बायकांनी २००८ पासून स्वतःचं 'संघम रेडिओ' केंद्र चालवलं. माणदेशात म्हसवडलाही त्याच वर्षापासून 'माणदेशी तरंग' आहे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते, आणि मनापासून सांगते.

पहिलं, एका तरी मासिकाची वर्गणी भरा. अंक उसना घेऊन वाचू नका, सुटा विकत घेतला तरी पुरेसं नाही, वर्षाची वर्गणी भरा. 'मिळून साऱ्याजणी' असो, स्त्री मुक्ती संघटनेचं 'प्रेरक ललकारी' असो, अंबाजोगाईत किंवा बीडमध्ये निघणारा एखादा प्रामाणिक छोटा अंक असो. संपादकाला जाहिरातदाराला 'नाही' म्हणता येतं ते वर्गणीदारांच्या जिवावर. एकटीला जमत नसेल तर चौघींनी मिळून एक भरा. गावातल्या वाचनालयाच्या समितीला अर्ज द्या की यंदाच्या अनुदानातून हा अंक मागवा. समितीत बाई नसेल तर तोही अर्ज द्या.

दुसरं, अंक वाचून पत्र लिहा. चार ओळी पुरतात. फोटोतली बाई आमच्यासारखी नाही, आमच्यासारखी दाखवा, असं लिहा. छापलं नाही तर पुन्हा लिहा. आलेली पत्रं संपादक मोजतात, हे मला अनुभवाने माहीत आहे.

तिसरं फडातल्या बायकांसाठी, आणि हे वाचता येणाऱ्या मुलींनी आपल्या आयांना वाचून दाखवायचं आहे. कोणी वही-कॅमेरा घेऊन कोपीपाशी आलं तर घाबरू नका आणि लगेच बसूही नका. विचारा, कुठं छापणार? माझं नाव घालणार का? मला नको असेल तर गाळणार का? अंक मला पाठवणार का? चांगला पत्रकार या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि चौथं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. आपला अंक काढा. बचत गट गावोगाव आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळाची (माविम) लोकसंचालित साधन केंद्रं आहेत, 'उमेद'चे प्रभागसंघ आहेत. त्यांच्या बैठकींना रजिस्टर असतं, हिशेब असतो, दर महिन्याची तारीख ठरलेली असते. मासिक चालवायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. तीनशे बायकांनी वर्षाला शंभर रुपये दिले तर तीस हजार होतात. सोळा पानांचा त्रैमासिक अंक त्यात बसतो का, ते केज, परळी, माजलगावच्या दोन छापखान्यांत दर विचारून बघा. बसत नसेल तर पहिलं वर्ष भित्तिपत्रक काढा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दळणाच्या गिरणीत, दवाखान्याच्या बाकाशेजारी लावा. छापील अंक नियमित काढायचा ठरला की प्रेस सेवा पोर्टलवर शीर्षकाची आणि नोंदणीची रीतसर प्रक्रिया करा. २०२३ च्या कायद्याने ती ऑनलाइन झाली आहे, आपल्या पोरी दहा मिनिटांत पानं शोधतात.

मालकी मात्र एका बाईच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या नावावर लावू नका. नोंदणीकृत संस्थेच्या, संघाच्या नावावर लावा. आज ज्या अध्यक्ष आहेत त्या उद्या निवडणुकीला उभ्या राहतील, आणि तेव्हा अंक कोणाचा हे कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. दवाखान्याची, कारखान्याची, उमेदवाराची जाहिरात घ्यायची की नाही, हे पैसे समोर यायच्या आधी बैठकीत ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. पैसे समोर आल्यावर ते ठरत नाही.

अजून एक, आणि हे आमच्यासारख्या शिकलेल्या बायकांना उद्देशून आहे. मालकी बायकांची झाली म्हणजे सगळ्या बायका आल्या असं होत नाही. शिक्षिका, वकीलबाई, डॉक्टरीणबाई अंक चालवणार आणि तांड्यावरची, पारधी वस्तीवरची, मोमीनपुऱ्यातली बाई त्यात 'व्यथा' म्हणून येणार, असं झालं तर आपणही तिला जखम दाखवायला लावणाऱ्या त्या दुसऱ्या मालकासारख्याच. संपादक मंडळात त्या हव्यात. लिहिता येत नसेल तर त्या सांगतील, दुसरी लिहून घेईल आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवेल. त्या 'न्हाई' म्हणाल्या तर 'नाही' असं दुरुस्त करू नका. बंजारा बोलीत आलं तर तसंच छापा, दखनीत आलं तर तसंच. अंबाजोगाईला शैला लोहिया यांनी 'मनस्विनी' या महिला प्रकल्पाचं काम उभं केलं तेव्हापासून या भागात बायकांना बोलतं करणाऱ्या कार्यकर्त्या आहेत. त्यांना बोलवा, त्यांच्याकडून शिका.

दिवाळीचा अंक काढू नका. आपलं वेळापत्रक वेगळं आहे. पहिला अंक घटस्थापनेला तयार ठेवा, म्हणजे ट्रकवर भांडीकुंडी चढवताना तो पिशवीत टाकता येईल. त्यात उचलीचा हिशेब कसा लिहून ठेवायचा ते असू द्या, कोणत्या तालुक्यात कोणत्या सरकारी दवाखान्यात काय तपासतात ते असू द्या, एक गाणं असू द्या, आणि शेवटची चार पानं कोरी ठेवा. त्या पानांवर फडात काय झालं ते लिहायचं. कोणी लिहील, कोणी पोराकडून लिहून घेईल, कोणी अंगठ्याशेजारी चित्र काढील. पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतल्या की ती पानं गोळा करायची. दुसरा अंक त्यातूनच निघेल.